शॉर्टहँडच्या वहीतली रॉक गाणी

इंग्रजी शॉर्टहँडच्या, मिनिटाला शंभर शब्दांच्या परीक्षेत मी नापास झाले आणि त्यामुळे माझी रॉक संगीताशी गाठ पडली. पास झाले असते तर मोहननगरातल्या त्या घराचं फाटक मी कधी उघडलं नसतं. आज हे लिहिताना त्या नापास होण्याचंही मला बरंच वाटतं.

पाचपावलीत, रेल्वे फाटकाच्या अलीकडे आमचं घर होतं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा आणि त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग. बाबा रेशीमकाठी नऊवारी लुगडी विणायचे. माय आणि मी सूत गुंडाळून कांड्या भरायचो. पण नऊवारी नेसणाऱ्या बाया दरवर्षी कमी होत होत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या गल्लीतले तीन माग एकामागून एक थांबले. एक शेजारी गिरणीत लागला, एकानं सायकल रिक्षा घेतली. बाबांनी तेव्हाच ठरवून टाकलं की मॅट्रिक झालेल्या पोरीनं मागाकडे यायचं नाही, टायपिंग शिकायचं.

महालात एका भांड्यांच्या दुकानावर टायपिंगचा क्लास होता. खाली पितळेचा खणखणाट आणि वर पंधरा मशीनचा. टायपिंग मला चटकन आलं, म्हणून सरांनी शॉर्टहँडही घ्यायला लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, शॉर्टहँडमध्ये शब्दाचं स्पेलिंग लिहायचं नसतं, त्याचा आवाज लिहायचा असतो. बारीक रेघ, जाड रेघ, हुकासारखा आकडा, टिंब. मिनिटाला ऐंशी शब्दांपर्यंत माझं छान चाललं होतं. आमचे सर मजकूर वाचायचे तो एका ठरलेल्या सुरात, प्रत्येक शब्द वेगळा करून. मी त्या आवाजाची सवय करून घेतली होती. परीक्षेला वाचायला दुसरेच गृहस्थ आले. त्यांचे शब्द एकमेकांना चिकटलेले होते आणि वाक्याचा शेवट ते गिळून टाकत होते. दुसऱ्याच वाक्याला माझी पेन्सिल थांबली. सात मिनिटं मी कागदाकडे बघत बसले.

निकाल लागल्यावर सर रागावले नाहीत. ते म्हणाले की मी इंग्रजी शिकले नाही, फक्त त्यांचा आवाज शिकले, आणि यात चूक त्यांचीही आहे. मग त्यांनी एका बाईंचा पत्ता दिला. रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं स्टेनो होत्या, अँग्लो-इंडियन, आता रिटायर झालेल्या. शिकवतात की नाही ठाऊक नाही, पण विचारून बघ, असं म्हणाले.

कडबी चौकातून मोहननगरला मी पायीच गेले. दोन खोल्यांचं कौलारू घर, पुढे व्हरांडा, कुंड्यांत जिरॅनियम. फुलाफुलांचा फ्रॉक घातलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक उंच बाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी वाटेत पाठ केलेलं इंग्रजी वाक्य म्हटलं. त्यांनी ते पूर्ण होऊ दिलं आणि मग बाजारातल्या बायांसारख्या नागपुरी मराठीत विचारलं, "पाणी पेते का वं आधी? किती लांबून आली?"

त्यांचा जन्म अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधला. घरात इंग्रजी, ऑफिसात हिंदी आणि भाजीवाल्या, दूधवाल्या, मोलकरणी यांच्याकडून उचललेली मराठी. मी त्यांना आंटी म्हणू लागले. पहिल्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्रातला मजकूर त्यांच्या नेहमीच्या बोलण्यासारखा वाचला आणि माझ्या वहीत निम्म्याहून जास्त जागा कोरी राहिली. त्यांनी वही पाहिली, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांचा हात पाहिला. वहीचं पान त्यांच्या बोटांत थरथरत होतं. तीस वर्षं ज्यांनी साहेबांची भाषणं लिहून घेतली त्यांना आता चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

वही परत देत त्यांनी मला दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगितले. मला वाटलं, नखं तपासतायत. त्या बराच वेळ बघत राहिल्या. कांड्या भरून भरून माझा हात स्थिर झाला होता. सूत बारीक असलं की हात हलवून चालत नाही. त्या म्हणाल्या, "शनिवारी दुपारी ये. तुले ऐकायले शिकवतो. तू माझं एक काम कर."

काम असं होतं की त्यांच्या खाटेखाली एक लाकडी पेटी होती आणि त्या पेटीत त्यांच्या मुलाच्या रेकॉर्डी होत्या. मुलगा तीन वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियाला गेला होता. साठच्या दशकात विलायतेत आणि अमेरिकेत गाजलेली रॉक गाणी त्यानं इथे नागपुरात बसून जमवली होती, कुणी मुंबईहून आणलेली, कुणी रेल्वेच्या गार्डाकरवी कलकत्त्याहून पाठवलेली. जाताना फक्त कपडे घेऊन गेला. आंटींना रेकॉर्ड प्लेअर लावता येत नव्हता असं नाही, पण थरथरत्या हातानं सुई टेकवताना त्यांनी दोन रेकॉर्डींवर चरे पाडले होते. तेव्हापासून पेटी बंद होती. माझ्या हातानं सुई टेकवायची आणि वाजेल ते मी शॉर्टहँडमध्ये लिहायचं, असा आमचा करार झाला.

पहिलं गाणं लागलं तेव्हा मी घाबरले. आमच्या घरी भजनं होती, रेडिओवरची हिंदी गाणी होती. इथे गिटार अशी वाजत होती की जणू कुणी पत्रा फाडतंय, आणि त्यावर एक माणूस जीव खाऊन ओरडत होता. मी एकही रेघ काढली नाही. आंटी हसल्या. त्यांनी प्लेअरवरचं बटण दाखवलं. त्यावर रेकॉर्ड फिरण्याच्या वेगाचे चार आकडे होते: सोळा, तेहतीस, पंचेचाळीस, अठ्ठ्याहत्तर. गाणं तेहतीसचं होतं. त्यांनी मला ते सोळावर करायला सांगितलं.

सोळावर तोच माणूस आजारी बैलासारखा हंबरू लागला. मला हसू आवरेना, आंटींनाही. पण त्या हंबरण्यात शब्द सुटे होत होते. एक शब्द संपून दुसरा कुठे सुरू होतो ते कळत होतं. मी आवाज लिहीत गेले; अर्थ माहीत नव्हता, तरी रेघा पडत होत्या. कडवं संपलं की सुई उचलायची आणि मी लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. माझ्या रेघांतून अर्धवट आवाज बाहेर यायचे आणि आंटी त्यातून शब्द ओळखायच्या. कधी दोन आवाज मिळून एक शब्द निघायचा, कधी मी एक समजलेल्या आवाजात तीन शब्द दडलेले असायचे. पहिल्या शनिवारी आम्ही एकच गाणं पुरं केलं. मग त्यांनी तेच गाणं तेहतीसवर लावायला सांगितलं. तो माणूस ओरडत नव्हताच. तो कुणाला तरी थांब म्हणत होता, थोडा वेळ बस म्हणत होता. मला आजही तो क्षण आठवतो. धुकं जावं तसं काही झालं नाही, फक्त एका अनोळखी माणसाचं बोलणं मला कळलं, आणि तो हजारो मैलांवरचा होता.

असे शनिवार सुरू झाले. मी दोनला पोचायची, पाचला निघायची. हळूहळू मला आवडीनिवडीही आल्या. काही गाणी नुसती धावायची, त्यांत लिहिण्यासारखं फार नसायचं, पण ऐकताना अंगात वीज भरायची. काही हळू सुरू व्हायची, एकच गिटार, मग दुसरी, मग चौथ्या मिनिटाला ड्रम असा यायचा की खिडकीची काच वाजायची. एका गाण्यात शेवटी सगळे मिळून एकच ओळ म्हणत राहायचे आणि आवाज हळूहळू लहान होत जायचा. ते कधी संपतं ते मला कधीच नेमकं पकडता आलं नाही. आंटींना यातलं काही आवडत नव्हतं असं त्या म्हणायच्या. त्यांच्या काळातलं संगीत म्हणजे रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमधला जोडीनं नाच, वॉल्ट्झ, नीट इस्त्री केलेले कपडे. पण शनिवारी मी पोचायच्या आधी पेटी खाटेखालून बाहेर आलेली असायची.

दोन महिन्यांनी बाबा म्हणाले की मी येतो बघायला. गल्लीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमची पोट्टी ख्रिश्चन बाईच्या घरी इंग्रजी गाणी ऐकते. बाबांनी मला अडवलं नाही, रागावलेही नाहीत, पण त्या शनिवारी धुतलेलं धोतर नेसून माझ्यासोबत चालत आले. आंटींनी त्यांना खुर्ची दिली. बाबा खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी सुई टेकवली आणि वही उघडली. खोली त्या आवाजानं भरली. मी लिहिताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बाबांकडे बघत होते. त्यांचा चेहरा काहीच सांगत नव्हता. मग माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. मागावर बसल्यावर पायाखालच्या पावड्या दाबतात तसे त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर आळीपाळीनं पडत होते, उजवा, डावा, उजवा, डावा, गाण्याच्या बरोबर.

गाणं संपलं. आंटींनी बाबांना विचारलं, कसं वाटलं. बाबांनी पाय आवरले.

"गाणाऱ्याचं मले समजलं नाही," ते म्हणाले. "पण मागं जो ठोकून राहिला ना, त्याचा पाय लय सारखा आहे. असा पाय असला तं कापड कधी विरळ पडणार नाही."

आंटींनी हे नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग त्या बाबांशी बराच वेळ बोलत बसल्या, मागाबद्दल, रेल्वेबद्दल, दोघांचीही मराठी एकाच बाजारातली होती. परतताना बाबा एवढंच म्हणाले की चांगली बाई आहे, जात जा. गल्लीत पुन्हा कुणी काही बोललं असेल तर ते त्यांनी माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. माझ्यासाठी त्यांनी केलेल्या अनेक गोष्टींत ही मला फार मोठी वाटते.

मुलाबद्दल आंटी तुकड्यातुकड्यांनी सांगायच्या. नवरा लवकर गेला होता. मुलगा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागला होता पण त्याचं मन तिथे नव्हतं. तो सकाळी बूट पॉलिश करताना नेहमी एकच रेकॉर्ड लावायचा, तिच्यातलं पहिलंच गाणं, आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या. शेवटच्या वर्षी दोघांमध्ये या आवाजावरूनच भांडणं व्हायची. आता महिन्याला त्याचं एक पत्र यायचं, हवा कशी आहे आणि तब्येत कशी आहे एवढंच असलेलं. त्याही तसंच उत्तर टाईप करून पाठवायच्या.

तीच रेकॉर्ड माझ्या हातून बिघडली.

मे महिना होता. नागपूरचा मे ज्यांनी पाहिलाय त्यांना दुपारच्या दोन वाजताचं ऊन वेगळं सांगायला नको. आंटींनी मला रेकॉर्डी ओल्या फडक्यानं पुसायला दिल्या होत्या आणि स्वतः आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मी एकेक पुसून पलंगावर ठेवत होते. पलंग भरला म्हणून ती एक रेकॉर्ड मी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. पडदा होता, पण पडद्याच्या बाजूनं उन्हाचा पट्टा आत येत होता. दहा मिनिटांनी उचलली तेव्हा तिची एक कड तळताना वळलेल्या पापडासारखी वर आली होती.

मी ती दोन्ही हातांनी दाबून बघितली. मग कव्हरमध्ये घातली, पेटीत सगळ्यांच्या मधे ठेवली, डोकं दुखतंय असं सांगितलं आणि घरी आले. पुढच्या शनिवारी गेले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आंटींना स्वतःला रेकॉर्ड लावता येत नव्हती, त्यामुळे त्यांना कळणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि त्याचीच मला जास्त लाज वाटत होती. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी माग चालवता चालवता विचारलं, "काहून वं, शनिवारी जाऊन नाही राहिली?" मी कांडी भरत होते. मी सगळं सांगून टाकलं.

बाबांनी आडवं सूत नेणारा धोटा हातातच धरला. "सूत तुटलं तं माग थांबवा लागते," ते म्हणाले. "नाही थांबवला तं पुढचं सगळं लुगडं बिघडते. तू पंधरा दिवस झाले विणूनच राहिली. जा, आत्ता जा."

तो शनिवार नव्हता. मी तशीच गेले. आंटी व्हरांड्यात होत्या. मी बसले नाही, उभ्याउभ्याच सांगितलं, ऊन, कट्टा, पेटीत लपवून ठेवलं ते, डोकं दुखत नव्हतं तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"दोन शनिवार मी पेटी काढून बसली," त्या म्हणाल्या. "मले वाटलं तुले काही झालं. तुझं घर मले माहीत नाही. रेकॉर्ड बिघडली तं बिघडली, तू काहून नाही आली?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी दिलं आणि रेकॉर्ड आणायला सांगितलं. मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या वर आलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, लाव. मी लावली. सुई त्या उंचवट्यावर चढायची आणि उडी मारून पुढे पडायची. पहिल्या गाण्यातल्या दोन ओळी पूर्ण नाहीशा झाल्या होत्या. आंटींनी गाणं थांबवायला सांगितलं आणि विचारलं की हे गाणं वहीत आहे का.

होतं. मार्चमध्ये लिहिलेलं, पूर्ण, दोन पानं. मी वही उघडली आणि माझ्या रेघांवरून वाचू लागले. सूर नाही, गिटार नाही, नुसते शब्द. त्या गाण्यात एक तरुण आपल्या गावाबद्दल बोलत होता, इथे सगळे मला ओळखतात आणि तरी मला कुणी पाहिलं नाही, असं काहीसं. आम्ही मार्चमध्ये ते लिहिलं तेव्हा शब्द लावण्याच्या नादात दोघींचंही अर्थाकडे लक्ष गेलं नव्हतं. आता सलग वाचताना गेलं. मी थांबले. आंटी खिडकीकडे बघत होत्या.

"चार वर्सं हे गाणं माझ्या घरात वाजलं," त्या हळू म्हणाल्या. "अन् मी त्याले फक्त आवाज कमी कर म्हणत राहिली."

मग त्यांनी मला ते गाणं चांगल्या कागदावर साध्या अक्षरात लिहायला लावलं. सोबत पत्र त्यांनी सांगितलं आणि मी शॉर्टहँडमध्ये घेतलं, माझं पहिलं खरं डिक्टेशन. त्यात त्यांनी लिहिलं की एका मुलीकडून मी तुझं गाणं लिहून घेतलंय, शब्द बरोबर आहेत का ते कळव, आणि रेकॉर्ड नागपूरच्या उन्हानं वाकली त्याबद्दल आम्हा दोघींना माफ कर. हवेचा आणि तब्येतीचा त्यात उल्लेखही नव्हता.

उत्तर पाच आठवड्यांनी आलं, चार पानांचं. तिसऱ्या ओळीतला एक शब्द आयुष्यभर आपण चुकीचा म्हणत आलो आणि तुमचाच बरोबर आहे, हे त्यानं मान्य केलं होतं. मग बाकीची पानं त्यानं घराबद्दल लिहिली होती. व्हरांडा, वडिलांची सायकल, वर्कशॉपच्या भोंग्याआधी आई करायची ती अंडी. आंटींनी पत्र मला वाचायला लावलं. हात थरथरत असल्यामुळे कागद स्थिर राहत नाही, असं त्या म्हणाल्या. मी वाचलं. काही ओळी मी दोनदा वाचाव्यात असं त्यांना वाटलं. त्यानंतर दर पत्रात एक गाणं जायचं आणि दर उत्तरात एका गाण्याची गोष्ट यायची, ते पहिल्यांदा कुठे ऐकलं, कुणाबरोबर ऐकलं. आंटी त्या गाण्यांना अजूनही गोंगाटच म्हणायच्या. पण एकदा मी व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना त्या कुंड्यांना पाणी घालत त्यातलंच एक गुणगुणत होत्या. मी फाटकापाशी परत गेले आणि आवाज करून पुन्हा आत आले.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा परीक्षेला बसले. आधीचे दोन महिने आंटी मला गाणी पंचेचाळीसच्या वेगावर लिहायला लावत होत्या. त्या वेगात गाणारे चिमण्यांसारखे चिवचिवत. त्यानंतर परीक्षेतले गृहस्थ कितीही शब्द गिळू देत, मला ते शांतपणे बोलतायत असंच वाटलं. शंभराची झाली, पुढे एकशेवीसचीही झाली. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कार्यालयात मला स्टेनोची नोकरी लागली. पहिल्याच आठवड्यात बदलून आलेल्या साहेबांचं बोलणं इतर कुणाला समजत नव्हतं. ते दक्षिणेकडचे होते आणि पान खाऊन बोलायचे. मला ते अडलं नाही. त्यांनी विचारलं की इंग्रजी कोणत्या शाळेत शिकलात. मी पाचपावलीची शाळा सांगितली. खरं उत्तर समजावून सांगायला फार वेळ लागला असता.

दोन वर्षांनी आंटी ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुलानंच बोलावलं होतं, आणि त्या लगेच हो म्हणाल्या. रेकॉर्डींची पेटी जहाजानं पुढे गेली. घर आवरायला मी आणि माय आठवडाभर जात होतो. मायला आंटींचे स्टीलचे डबे मिळाले, मला रेकॉर्ड प्लेअर. बाबांनी त्यांच्यासाठी पांढऱ्या सुताचं, हिरव्या रेशीमकाठाचं दोन मीटर कापड विणलं. एव्हाना ते कधीमधीच मागावर बसायचे. स्टेशनवर आंटींनी ते कापड प्लॅटफॉर्मवरच गळ्याभोवती गुंडाळलं. गाडी सुटेपर्यंत त्या बाबांशीच बोलत होत्या, तिकडे हिवाळा आपल्या उन्हाळ्यात असतो, तर तिथे उतरल्यावर थंडी असेल की नाही, याबद्दल. माझा हात त्यांनी खिडकीतून धरून ठेवला होता. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून माझाही हलत होता.

आमच्या घरी मग रेकॉर्ड प्लेअर होता आणि रेकॉर्ड एकही नव्हती. एका रविवारी बाबा कुणाला न सांगता सीताबर्डीला गेले. त्यांना तो चांगल्या पायाचा ड्रम असलेलं गाणं हवं होतं, पण नाव ठाऊक नव्हतं. दुकानातल्या काउंटरवर त्यांनी बोटांनी ठोकून दाखवलं, खाली पायानंही ठोकलं. दुकानदारानं विचार करून एक रेकॉर्ड दिली. ती भलतीच निघाली, भलत्याच लोकांची. आम्ही तिघांनी ऐकली. माय म्हणाली, हेही वाईट नाही. त्या एका रेकॉर्डवर आम्ही वर्षभर काढलं.

आंटींची पत्रं येत राहिली, टाईप केलेली, मग पुढे मुलाच्या अक्षरातली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, माझं लग्न झालं होतं आणि मुलगी शाळेत जायला लागली होती, तेव्हा मुलाचं पत्र आलं की आई गेली. शांतपणे गेली, असं लिहिलं होतं. नागपुरातल्या तिच्या जुन्या चर्चमध्ये रविवारी तिच्यासाठी प्रार्थना ठेवली आहे, जमलं तर जा, आई नेहमी तुझ्याबद्दल बोलायची, असंही होतं.

मी गेले. चर्चमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. चपला काढायच्या की नाही हेही ठाऊक नव्हतं. मी दारातच उभी राहिले. आत गाणं सुरू झालं होतं, पियानोवर, संथ. शेवटच्या बाकावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. मी त्यांना ओळखत नव्हते, त्याही मला ओळखत नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि सरकून जागा केली. मी बसले. त्यांनी हातातलं गाण्याचं पुस्तक आमच्या दोघींच्या मधे धरलं आणि चाललेल्या ओळीवर बोट ठेवलं.